थांबलेली मोटर, न थांबणारें द्रावण

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

मुंबईच्या गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहांत ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्या चित्रपटाची कथा, त्यांतील पात्रें आणि त्यासाठीं दादासाहेबांनीं सोसलेलीं संकटें यांविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. परंतु कॅमेऱ्यांतून निघालेली फिल्म काळोख्या खोलींत द्रावणांत बुडवून, धुऊन आणि वाळवून कोणीं सिद्ध केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. दादरच्या राहत्या घरांतच हें काम चाले, आणि त्यांत दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वांटा होता. फिल्म द्रावणांत किती वेळ ठेवावयाची हें माणूस ठरवी, आणि वेळ भरतांच ती बाहेर काढण्याचें काम माणसाचाच हात करी.

बोलपटांचा काळ आला तशी ही हाताची रीति मागें पडली. बोलपटांत आवाजाची रेघ फिल्मच्या कडेलाच छापलेली असे. फिल्मच्या एका भागास द्रावण अधिक वेळ लागलें व दुसऱ्यास कमी लागलें, तर त्याचा परिणाम आवाजावर होई. म्हणून फिल्म सारख्या वेगानें एका टांकींतून दुसऱ्या टांकींत ओढून नेणारीं यंत्रें रूढ झालीं. पुढें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हीं यंत्रें इतकीं आटोपशीर झालीं कीं, तीं एखाद्या दुकानाच्या खोलींतहि मावूं लागलीं. ‘कलर लॅब’ अशी पाटी मिरविणारीं दुकानें त्यांच्याच बळावर गांवोगांवीं उभीं राहिलीं.

या यंत्राच्या पोटांत एक मोटर असते. फाळक्यांच्या घरीं जें काम माणसाचें लक्ष व माणसाचा हात मिळून करीत, तें येथें ही एकटी मोटर करते. ती अकस्मात् थांबली तर काय होतें, आणि तिचा दोष कोणत्या क्रमानें शोधावा, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घेणें अवश्य आहे. रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याच्या ज्या पद्धतीचा प्रसार जगभर झाला, तिला सी-४१ असें नांव आहे. कोडॅक कंपनीनें ती १९७२ सालीं प्रचारांत आणली. तींत पहिलें द्रावण डेव्हलपरचें. त्याचें उष्णतामान ३७.८ अंश सेंटिग्रेड ठेवावें लागतें, आणि फिल्म त्यांत ३ मिनिटें १५ सेकंद राहावी लागते. त्यानंतर ब्लीच, मग फिक्सर, मग शेवटचें धुणें आणि वाळविणें. या द्रावणांच्या स्वभावांत एक मोठा भेद आहे. ब्लीच व फिक्सर यांना जेवढें करावयाचें असतें तेवढें करून तीं स्वस्थ बसतात. फिल्म त्यांत थोडा वेळ अधिक राहिली तर फारसें बिघडत नाहीं. डेव्हलपर मात्र स्वस्थ बसणें जाणत नाहीं. फिल्म त्यांत आहे तोंवर तो रंग गडद करीतच जातो. चित्र उमटवून झालें तरी जेथें कांहीं उमटूं नये तेथेंहि तो धुकट छटा आणूं लागतो.

आतां ही ३ मिनिटें १५ सेकंदांची वेळ यंत्र मोजतें कसें? समजा, डेव्हलपरच्या टांकींतून खालीं जाऊन पुन्हां वर येणारा फिल्मचा मार्ग १३० सेंटिमीटर लांबीचा आहे. मोटर मिनिटाला ४० सेंटिमीटर या वेगानें फिल्म ओढीत असेल, तर फिल्मचा प्रत्येक बिंदु द्रावणांत बरोबर ३ मिनिटें १५ सेकंद राहील. हाच वेग मिनिटाला ३६ सेंटिमीटरांवर आला, तर तोच काळ सुमारें ३ मिनिटें ३७ सेकंद होईल. तेव्हां या यंत्रांत वेळ ही वेगानें मोजली जाते, आणि मोटर हेंच त्याचें खरें घड्याळ होय.

या घड्याळावर पहारा ठेवण्याचीहि व्यवस्था असते. मोटरच्या दांड्यावर बारीक फटी असलेली एक चकती बसविलेली असते. चकतीच्या एका बाजूस लहानसा दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चकती फिरली म्हणजे प्रकाश लुकलुकतो, आणि यंत्राचें कार्ड त्या लुकलुकण्या मोजून मोटरला वीज कमी-अधिक पुरवितें. वीज सोडूनहि लुकलुक पोंचली नाहीं, कीं कार्ड सर्व थांबवितें आणि यंत्राच्या पाटीवर ‘ड्राइव्ह मोटर’ असा दोष लिहितें.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं असा प्रसंग घडला. वैशाखाचे दिवस होते. लग्नसराईमुळें दुकानांत फिल्मच्या रोळांचा ढीग पडलेला. मालक काउंटरवर पावत्या फाडीत होते आणि त्यांचा मदतनीस, जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा, आंतल्या खोलींत यंत्रापाशीं होता. एकाएकीं यंत्राची घरघर थांबली आणि शिटी वाजूं लागली.

“काका, मशीन थांबलं! ‘ड्राइव्ह मोटर’ असं आलंय,” मुलगा ओरडला, आणि आंत काय अडकलें आहे तें पाहण्यासाठीं त्यानें झांकणाची कडी धरली.

“झांकणाला हात लावूं नकोस!” मालक तेथूनच म्हणाले व धांवत आंत आले.

आंत त्या क्षणीं एकाच लग्नाचे दोन रोळ होते. शेजारच्या खेड्यांतल्या एका मुलीचें लग्न आदल्या दिवशीं लागलें होतें. झांकण उघडलें असतें तर उजेडानें ते दोन्ही रोळ तत्काळ पुसून गेले असते. न उघडावें, तर डेव्हलपर आपलें काम करीतच होता. मोटर थांबली होती; द्रावण थांबलें नव्हतें. लग्नाचा मांडव पुन्हां घालतां येतो, परंतु लग्न पुन्हां लागत नाहीं; आणि छायाचित्रकाराजवळ त्या रोळांची दुसरी प्रत नव्हती.

अशा वेळीं दोष शोधण्यास आरंभ करणें ही पहिली चूक होय. दोष कोठें पळून जात नाहीं. फिल्म मात्र हातची जाते. मालकांनीं मोटरची कळ बंद केली, खण उघडला आणि यंत्राबरोबर आलेली लोखंडी मूठ काढली. वीज गेली असतां मुख्य दांडा हातानें फिरवितां यावा म्हणून अशी मूठ कांहीं यंत्रांना दिलेली असते. या यंत्रांत मुठीच्या एका फेऱ्यास फिल्म २ सेंटिमीटर पुढें सरके. यंत्र बसविणाऱ्या मेकॅनिकनें तो आंकडा पेन्सिलीनें पत्र्याच्या आंतल्या बाजूस लिहून ठेविला होता. मिनिटाला ४० सेंटिमीटर, म्हणजे वीस फेरे. म्हणजे दर तीन सेकंदांस एक फेरा.

“घड्याळाकडे बघ आणि मोठ्यानं मोज,” मालक मुलाला म्हणाले. “एक-दोन-तीन, पुन्हां एक-दोन-तीन. माझ्याकडे बघूं नकोस.”

फिल्म भराभर ओढून बाहेर काढावी असा मोह कोणालाहि झाला असता. परंतु रोळाचें पुढचें टोंक डेव्हलपरमधून बाहेर पडण्याच्या बेतांत होतें, तर मागचें शेपूट अद्याप आंत यावयाचें होतें. घाई केली असती तर पुढची चित्रें गडद व मागचीं फिकी निघालीं असतीं. म्हणून मुलगा मोजीत राहिला आणि मालक दर तीन सेकंदांस एक फेरा देत राहिले. यंत्र थांबल्यापासून पहिला फेरा पडेपर्यंत सुमारें चाळीस सेकंद गेले होते. ते परत येणार नव्हते. परंतु त्यापुढचा प्रत्येक सेकंद आतां मोजला जात होता. सहा-सात मिनिटांनीं दोन्ही रोळांचीं शेपटें डेव्हलपरमधून सुटून ब्लीचमध्यें गेलीं, तेव्हां मालकांनीं सदऱ्याच्या बाहीनें कपाळ पुसलें. पुढचा मार्गहि त्यांनीं त्याच चालीनें मुठीनेंच पुरा केला.

फेरे देतां देतां त्यांच्या हाताला एक गोष्ट कळली होती. मूठ पांच फेरे सुरळीत फिरे आणि सहाव्या फेऱ्याला जड होई. पुन्हां पांच सुरळीत, पुन्हां सहावा जड. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं, पण मनांत नोंदवून ठेविलें.

रोळ वाळून बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “पुण्याला फोन करून नवी मोटर मागवूं या कां? मशीननंच सांगितलंय, मोटर गेली म्हणून.”

“मशीननं तसं सांगितलेलं नाहीं,” मालक म्हणाले. “मशीनला मोटर दिसत नाहीं. त्याला फक्त लुकलुक दिसते. ती दिसेना, एवढंच त्याचं म्हणणं.”

या प्रकारच्या दोषाच्या शोधांतील मुख्य तत्त्व या एका उत्तरांत सांठविलेलें आहे. पाटीवरील शब्द ही साक्ष आहे. तो निवाडा नव्हे. लुकलुक न पोंचण्यास चार निरनिराळीं कारणें असूं शकतात. मोटरला वीजच पोंचत नसेल. वीज पोंचूनहि मोटर निकामी असेल. मोटर धड असून तिच्यावरील ओझें तिला पेलत नसेल. अथवा मोटर फिरत असूनहि सेन्सर ती बातमी देत नसेल. मोटर बदलल्यानें यांपैकीं एकच दोष दूर होतो. उरलेल्या तिहींत खर्च व्यर्थ जातो, आणि नवी मोटरहि जुन्याच ठिकाणीं अडते.

या चौघांची चौकशी एकेकट्यानें करण्यापेक्षां प्रथम ओझें वेगळें करावें, हा शहाणपणाचा मार्ग होय. मालकांनीं यंत्राची वीज तोडली, हातांत रबरी मोजे चढविले आणि प्रत्येक टांकींतील रुळांची चौकट, म्हणजे रॅक, एकामागून एक उचलून बाहेर ठेविली. मग वीज देऊन मोटर रिकामीच चालविली. ती एकसारखी फिरूं लागली आणि पाटीवर कोणताहि दोष उमटला नाहीं. या एका प्रयोगानें वीज व सेन्सर यांच्यावरील बहुतेक संशय फिटला.

येथें वेगळें कांहीं घडलें असतें तर वाटहि वेगळी झाली असती. मोटर फिरत असून दोष कायम राहता, तर चकतीवरील मळ, सेन्सरची कांच आणि त्याच्या वायरीचें टोंक तपासावें लागतें. मोटर रिकामीहि न फिरती, तर मीटरच्या दोन सुया मोटरच्या टोंकांना लावून वीज येते कीं नाहीं तें पाहावें लागतें. वीज येत नसेल तर फ्यूज, झांकणाखालची सुरक्षेची कळ आणि कार्ड या क्रमानें मागें जावें. वीज येऊनहि मोटर स्तब्ध असेल तर तिचे कार्बन झिजले आहेत काय, हें आधीं पाहावें. कांहीं जुन्या यंत्रांत उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर, म्हणजे एसीवर, चालणारी मोटर असते. ती नुसती गुणगुणत राहून फिरत नसेल, तर तिच्या कंडेन्सरवर संशय घ्यावा. परंतु वीज बंद केल्यावरहि कंडेन्सरमध्यें कांहीं वेळ वीज सांठून राहते, हें विसरून त्याला हात लावूं नये.

सातारा जिल्ह्यांतील त्या दुकानांत अद्याप एक शंका उरली होती. कार्बन झिजलेली दुबळी मोटर रिकामी असतां फिरते आणि ओझें पडतांच बसते. मग दोष ओझ्याचा कीं मोटरच्या अशक्तपणाचा? याचा निर्णय मीटर देतो. मोटर जितकी अडते तितकी वीज ती अधिक खेंचते. अगदीं जाम झाली तर नेहमींच्या कित्येक पट खेंचते. मालकांनीं मोटरच्या वायरींत मीटर जोडला. रिकाम्या मोटरनें अर्धा अँपिअर घेतला. डेव्हलपरची रॅक बसविल्यावर कांटा किंचित् सरकला. ब्लीचची बसविल्यावर आणखी किंचित्. फिक्सरची रॅक बसवितांच कांटा स्थिर राहीना. कांहीं वेळ तो जाग्यावर असे आणि मग एकदम दोन अँपिअरच्या पुढें उडी घेई. ठराविक अंतरानें उडी, पुन्हां शांत, पुन्हां उडी. मोटर दुबळी असती तर ती प्रत्येक रॅकला कुरकुरली असती. ही एकाच रॅकला अडत होती.

“आतां मला सांग, या रॅकमधलं कोणतं चाक मुठीच्या सहा फेऱ्यांत एक फेरा घेतं?” मालकांनीं विचारलें. मुलानें दांत मोजले आणि वरच्या अंगाचें मोठें पांढरें चाक दाखविलें. त्याच्या दोन दांतांच्या फटींत मिठाच्या खड्याएवढा एक पांढरा कण दगडासारखा घट्ट बसला होता. तो भाग द्रावणाच्या वर राहतो. रोज थोडें थोडें उडणारें फिक्सर तेथें वाळत गेलें आणि त्याचे स्फटिक एकावर एक बसत गेले. चाकाचा तो दांत जोडीच्या चाकांत शिरूं लागला कीं सर्व यंत्र एका कणापाशीं अडे.

मुलानें पेचकस उचलला. मालकांनीं तो काढून घेतला. जें पाण्यानें विरघळतें तें लोखंडानें खरवडूं नये. दांताला चीर गेली तर चाकच बदलावें लागतें. रॅक कोमट पाण्यांत बुडवून ठेविली. अर्ध्या तासानें मऊ ब्रश फिरवितांच तो कण निघून गेला. रॅक पुन्हां बसविली, तेव्हां कांटा जाग्यावरून हलला नाहीं.

दरम्यान मुलानें एक उपाय सुचविला होता: फ्यूज थोडा जाड घातला तर मोटर जोर करून तो अडथळा पार करणार नाहीं काय? हा उपाय अनेक दुकानांत होतो आणि फार महाग पडतो. फ्यूज मोटरचा शत्रु नसून कार्डाचा रक्षक आहे. मोटर अडली असतां वाढलेली वीज जाड फ्यूज निमूटपणें जाऊं देतो, आणि मग जळतें तें कार्ड. आज फिल्म धुणारीं दुकानें थोडीं उरलीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळशीं यंत्रें अशीं आहेत कीं ज्यांचे नवे भाग निघणें बंद झालें आहे. ज्या काळीं कार्ड विकत मिळे त्या काळीं ही चूक पैशावर भागे. आज तिच्यापायीं सबंध यंत्र भंगारांत जाऊं शकतें.

संध्याकाळीं रॅका परत बसवितांना मुलगा खालीं पाहून म्हणाला, “काका, सहा दिवस झाले, रात्री रॅक धुतल्या नाहींत.”

रोज रात्रीं यंत्र बंद करतांना रॅकांचे वरचे रूळ व चाकें कोमट पाण्यानें धुवावींत, हा नियम भिंतीवर लावलेला होता. मालक कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “ठाऊक आहे. ‘आज राहूं दे, उशीर झाला’ असं पहिल्या रात्री मीच म्हटलं होतं.”

त्या रात्रीं फिक्सरची रॅक मालकांनीं धुतली आणि डेव्हलपरची मुलानें.

दोन्ही रोळांच्या निगेटिव्ह कांहीं ठिकाणीं नेहमींपेक्षां गडद झाल्या होत्या. छापतांना प्रकाश वाढवून व रंग सुधारून बहुतेक चित्रें चांगलीं निघालीं. यंत्र थांबलें तेव्हां फिल्मचा जो भाग दोन टांक्यांच्या मधोमध हवेंत राहिला होता, त्यावरील एका चित्रावर मात्र आडवा पट्टा उमटला. तें चित्र पंगतीचें होतें. अंतरपाटाचें चित्र वांचलें होतें. मालकांनीं छायाचित्रकाराला व मुलीच्या वडिलांना बोलावून तें पट्ट्याचें चित्र आपण होऊन सर्वांच्या वर ठेविलें, काय झालें तें सांगितलें आणि छपाईचे पैसे घेतले नाहींत. वडिलांनीं तें चित्र उचलून निरखून पाहिलें. पंगतींत कडेला बसलेल्या एका वृद्ध बाईकडे बोट दाखवून ते एवढेंच म्हणाले, “ही आमची थोरली आत्या. पट्टा तिच्या तोंडावरून गेला नाहीं, हें बरं झालं.”

यंत्राचा दोष शोधण्याचा क्रम या प्रसंगांत अनायासें उलगडतो. आधीं फिल्म वांचवावी. मग ओझें वेगळें करावें. मग वीज, मोटर, ओझें आणि सेन्सर यांपैकीं कोण निर्दोष आहे हें एकेक करून ठरवावें, म्हणजे दोषी आपोआप उरतो. पाटीवर ज्याचें नांव येतें तो बहुधा दोषी नसतो. दुसऱ्याच्या चुकीपायीं जो अडला, त्याचेंच नांव तेथें येतें.

दादरच्या घरांत काळोखांत वेळ राखणारा माणूस पुढें यंत्रानें बाजूला सारला, हें खरें. परंतु त्या दिवशीं एका लहानशा गांवांत यंत्राचें घड्याळ थांबलें, तेव्हां एक मुलगा भिंतीकडे पाहून एक-दोन-तीन मोजीत उभा राहिला आणि एक हात त्या चालीवर मूठ फिरवीत राहिला. एका घराचें लग्न त्या मोजण्यावर वांचलें.